उएनो स्टेशनवर थांबलेला माणूस

१

‘रेल्वे स्टेशनवरील एक तास’ हा निबंध शाळेत असताना ज्याने लिहिला नाही असा मराठी वाचक विरळा. मी पेशाने शिक्षक. तेव्हा तो मी एकदोनदा लिहिला आणि शेकडो वेळा तपासला. त्याचा साचा ठरून गेलेला आहे. आधी घंटा होते, मग हमालांची धावपळ, चहावाल्याची आरोळी, कोणाची चुकामूक, कोणी पदराने डोळे टिपते. शेवटी गाडी निघून जाते आणि फलाट ओस पडतो. त्या ओस पडलेल्या फलाटावर मुलगा पूर्णविराम देतो. गाडी गेली, तास संपला, निबंध संपला. पण गाडी गेल्यावरही जो तिथेच बसून राहिला आहे, त्याचे काय?

यंदाच्या सुट्टीत दोन जपानी कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या आणि हा प्रश्न मनातून हलेना. पहिली मात्सुमोतो सेइचो यांची ‘तेन् तो सेन्’, म्हणजे ‘बिंदू आणि रेषा’, १९५८ सालची. दुसरी यू मिरी या लेखिकेची २०१४ सालची. तिचे मूळ नावच ‘जेआर उएनो स्टेशन, उद्यानाकडील दरवाजा’ असे आहे. मला जपानी येत नाही; माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि दोन्ही पुस्तके मी इंग्रजी भाषांतरांवरूनच वाचली. तेव्हा त्यांच्या भाषेच्या लालित्याविषयी मी बोलणार नाही. कथावस्तू, घाट आणि माणसे यांविषयी मात्र बोलता येईल. कारण या गोष्टी भाषांतराच्या पुलावरून बऱ्यापैकी सुखरूप पलीकडे येतात.

दोन्ही कादंबऱ्यांचे बीज टोकियोच्या एकेका स्टेशनात रुजलेले आहे. दोन्ही लेखक आकुतागावा पारितोषिकाचे मानकरी. आणि तरीही एकीला स्टेशनावर जे दिसते ते दुसरीला दिसत नाही. का, ते पाहण्यासारखे आहे.

२

जपानी साहित्यात आगगाडी आली ती काही स्वागताच्या तुताऱ्या वाजवीत आली नाही. नात्सुमे सोसेकी यांच्या १९०६ सालच्या ‘कुसामाकुरा’त त्यांनी आगगाडीवर मनसोक्त तोंडसुख घेतले आहे. शेकडो माणसे एका पेटीत कोंबायची, सर्वांना एकाच वेगाने एकाच दिशेने फेकायचे, आणि माणसाचे माणूसपण पायदळी तुडवायचे, ही विसाव्या शतकाची संस्कृती, असा त्यांचा सूर आहे. गंमत अशी की, ज्या कादंबरीत हा राग आहे त्याच कादंबरीचा शेवट एका स्टेशनावर होतो. कथेतला चित्रकार एका स्त्रीच्या चेहऱ्यावर एक भाव शोधत असतो, आणि तो त्याला सबंध पुस्तकभर सापडत नाही. शेवटी सुटणाऱ्या गाडीच्या खिडकीत तिला एक ओळखीचा चेहरा दिसतो आणि त्या क्षणी तिच्या मुद्रेवर करुणा उमटते. चित्रकाराला त्याचे चित्र मिळते. ज्या यंत्राला शिव्या दिल्या, त्याच यंत्राने माणसाचा चेहरा उघडा केला! सोसेकींच्या मोठेपणाची ही खूण मला वाटते.

पुढे चारच वर्षांनी, १९१० मध्ये, इशिकावा ताकुबोकू या कवीचा ‘मूठभर वाळू’ हा संग्रह निघाला. हा उत्तरेकडच्या इवाते प्रांताचा. वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला. आपल्या गावची बोली कानावर पडावी म्हणून स्टेशनच्या गर्दीत जाणाऱ्या माणसावर त्याची एक छोटी कविता आहे. कवितेत स्टेशनचे नाव नाही. पण ते उएनोच, असे सारे जपान मानते, आणि त्या कवितेचा शिलालेख आज उएनो स्टेशनात आहे. ज्यांनी पोटापाण्यासाठी गाव सोडले त्यांना ही कविता समजावून सांगावी लागत नाही. परक्या शहरात आपल्या बोलीतला एक हेल ऐकू आला की, माणूस वळून पाहतोच.

उएनोच का, हे कळण्यासाठी त्या स्टेशनची रचना थोडी पाहिली पाहिजे. ते १८८३ साली सुरू झाले. टोकियोच्या ईशान्येकडे जो गरीब, थंडीने गारठलेला, भातशेतीवर जगणारा तोहोकू प्रदेश आहे, तिकडच्या गाड्या येथे येऊन थांबत. १९२३ च्या भूकंपात व आगीत जुनी इमारत गेली. आजची १९३२ सालची आहे. पण खरी मौज तिच्या पोटात आहे. उएनो म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन स्टेशने. खालच्या मजल्यावर ज्यांच्यापुढे रूळच संपतात असे फलाट. उत्तरेची गाडी आली की आडव्या अडसरापाशी उभी राहायची. वरच्या मजल्यावर शहराच्या लोकल गाड्या. त्यांत मुख्य ती यामानोते नावाची वर्तुळाकार गाडी. साडेचौतीस किलोमीटरचा फेरा, तीस स्टेशने, सुमारे तासाभरात पुन्हा आहे तिथे. हे वर्तुळ १ नोव्हेंबर १९२५ रोजी पूर्ण झाले. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला आपल्याकडे बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली होती. टोकियोचे वर्तुळ पूर्ण झाले आणि मुंबईचा चाकरमान्या विजेच्या दावणीला बांधला गेला, ते असे एकाच वर्षी.

खाली जिथे वाट संपते ते स्टेशन, वर जिथे वाट कधीच संपत नाही ते स्टेशन. खाली गावाहून आलेला माणूस उतरतो. जिना चढून वर गेला की तो चाकरमान्या होतो. १९५४ पासून सुमारे वीस वर्षे माध्यमिक शाळा नुकतीच संपवलेली चौदा-पंधरा वर्षांची मुले खास गाड्या भरभरून या खालच्या फलाटांवर उतरत. कारखानदार व दुकानदार त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. अंडे सोन्याचे खरे; पण ते कोंबडीपासून तोडून आणलेले असते, हे त्या शब्दात कोणी म्हणत नाही. १९६४ साली याच मुलांच्या मनातले एक गाणे उएनो स्टेशनवर निघाले आणि घरोघर पोचले. वर्गात मी याच वयाची मुले रोज पाहतो, त्यामुळे या माहितीकडे निव्वळ इतिहास म्हणून पाहणे मला जमत नाही.

३

आता मात्सुमोतो. हा लेखक मला व्यक्तिशः जवळचा वाटतो. प्राथमिक शिक्षणानंतर शाळा सुटली, कोवळ्या वयात कचेरीतला पोऱ्या झाला, मग छापखान्यात काम, मग वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात. चाळिशीला टेकल्यावर लेखनाला खरी सुरुवात. पदव्यांच्या बाजूने न आलेल्या लेखकाची नजर तपशिलाला घट्ट धरून असते, तशी त्यांची आहे.

‘बिंदू आणि रेषा’ ही कादंबरी प्रवासाला वाहिलेल्या एका मासिकातून क्रमशः आली. आरंभ असा: यासुदा नावाचा एक व्यापारी कामाकुराला जाण्यासाठी टोकियो स्टेशनच्या तेरा क्रमांकाच्या फलाटावर उभा आहे. उपाहारगृहातल्या दोन सेविका त्याला पोचवायला आल्या आहेत. समोर पंधरा क्रमांकावर दूर क्यूशूला जाणारी ‘आसाकाझे’ उभी आहे. आणि त्यांच्याच ओळखीची एक सेविका एका तरुणाबरोबर तिच्यात चढताना त्यांना दिसते. काही दिवसांनी त्या दोघांची प्रेते क्यूशूच्या समुद्रकिनाऱ्यावर सापडतात. प्रेमी युगुलाने जीव दिला, असे सारे मानतात. संशय येतो तो एका वयस्क फौजदाराला. मृत तरुणाच्या खिशात गाडीतल्या भोजनाच्या डब्याची पावती सापडते, आणि ती एकाच माणसाची असते. फौजदार घरी जाऊन आपल्या मुलीला विचारतो: तुझ्या माणसाला भूक लागली आणि तुला नसली तर तू काय करशील? ती म्हणते, मी सोबत जाईन, नुसती कॉफी घेऊन बसेन. एवढ्याशा संसारी उत्तरावर सारा तपास उभा राहतो. रहस्यकथेत इतके घरगुती सत्य मला क्वचितच आढळले आहे.

परंतु कादंबरीचा खरा डाव वेळापत्रकाचा आहे. तेराव्या फलाटावरून पंधरावा फलाट दिसतो कधी? मध्ये सतत गाड्या येतात, थांबतात, जातात. संध्याकाळी ५.५७ ते ६.०१ या चार मिनिटांतच मधले रूळ मोकळे असतात. मग ती तिघे नेमकी त्याच चार मिनिटांत तिथे कशी होती? योगायोग की योजना? दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाचा विरस करायचा नाही, म्हणून रहस्य मी फोडत नाही.

या रचनेचे कौतुक पुष्कळांनी केले आहे आणि ते योग्यच आहे. वेळापत्रक हे जगातले सर्वांत रुक्ष वाङ्मय. त्यातून मात्सुमोतोंनी नाट्य काढले. पण त्यांची माणसे? त्या दोन सेविका, तो व्यापारी, फार काय ते मृत युगुलही, बुद्धिबळाच्या पटावरील सोंगट्यांसारखी वाटतात. ती कुठे उभी होती हे आपल्याला मिनिटाबरहुकूम कळते. ती कोण होती, ते कळत नाही. याला एकच अपवाद. त्या व्यापाऱ्याची आजारी बायको कामाकुराला अंथरुणाला खिळलेली आहे. तिला वेळापत्रके वाचण्याचा नाद. या क्षणी देशातल्या कोणत्या कोणत्या स्टेशनात गाडी थांबली असेल, याचा विचार करीत ती पडून असते. त्यावर तिने एक लहानसा लेखही लिहिलेला आहे. जिला कुठेच जाता येत नाही तिच्या डोळ्यांपुढून सगळ्या गाड्या जातात! त्या पानांत मात्सुमोतोंना एक माणूस सापडला. आणि तो गाडीत बसलेला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट कोणी फारशी बोलून दाखवीत नाही. मधल्या रुळांवरून ज्या गाड्या ये-जा करतात त्या कोणाच्या? चाकरमान्यांच्या. हजारो माणसे कचेऱ्या सुटून घरी चालली आहेत. कादंबरीत त्यांचे काम एकच: पडदा होणे. त्यांच्या गाड्या हलल्या की पडदा चार मिनिटे वर जातो. एका अर्थी हे क्रूर आहे. पण शहराविषयीचे ते एक अचूक विधानही आहे. गर्दी ही माणसाला माणूस दिसू नये म्हणून मध्ये उभी असलेली भिंत असते.

४

यू मिरी यांची कादंबरी या पडद्याच्या पलीकडच्या बाजूने लिहिलेली आहे.

लेखिका जपानात वाढलेली, कोरियन वंशाची. १९६८ चा जन्म. ज्या देशाच्या भाषेत लिहिते त्या देशात आपण पाहुणे की घरचे, हा प्रश्न जन्मापासून तिच्या मागे लागलेला. २०११ च्या भूकंप, त्सुनामी व अणुभट्टीच्या आपत्तीनंतर ती फुकुशिमा प्रांतातल्या मिनामिसोमा या गावी जाऊ लागली, २०१२ पासून तिथल्या नभोवाणीवर गावकऱ्यांशी बोलू लागली, २०१५ साली तिथेच राहायला गेली, आणि २०१८ मध्ये तिने तिथे पुस्तकांचे दुकान काढले. विषय शोधण्यासाठी केलेली ही सहल नव्हे. घर हलवणे आहे.

तिचा नायक काझू त्याच भागातला. जन्म १९३३ चा, म्हणजे सम्राट आकिहितो यांच्याच वर्षाचा. त्याचा मुलगा जन्मतो तो २३ फेब्रुवारी १९६० रोजी, आजचे सम्राट नारुहितो ज्या दिवशी जन्मले त्याच दिवशी. १९६३ साली काझू उएनोला उतरतो. पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिकच्या बांधकामावर मजूर म्हणून राबतो. गावी जातो वर्षातून दोनदा: नवीन वर्षाला, आणि पितरांच्या ओबोन सणाला. मुले त्याला धड ओळखत नाहीत. पुढे तो हिशेब करतो, तर बायकोच्या सहवासात काढलेले सारे दिवस मिळून वर्षसुद्धा भरत नाही. मुलगा एकविसाव्या वर्षी झोपेतच जातो. म्हातारपणी गावी परततो, तर काही वर्षांत बायको जाते. नात सांभाळायला येते. पण तिच्या तरुण आयुष्यावर आपला भार नको म्हणून एक चिठ्ठी ठेवून हा घर सोडतो, पुन्हा उएनोला येतो, आणि स्टेशनाला लागून असलेल्या उद्यानात निळ्या ताडपत्रीच्या झोपड्यांत राहू लागतो. हे सारे तो आपल्याला सांगतो तेव्हा तो जिवंत नाही. त्याचा आत्मा त्या उद्यानात व स्टेशनात घुटमळतो आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गप्पा, ध्वनिक्षेपकावरच्या सूचना, गाडीचा खडखडाट, सारे त्याला ऐकू येते. त्याचे कोणाला ऐकू जात नाही.

कादंबरीतले सर्वांत हेलावून टाकणारे प्रकरण मुलाच्या अंत्यविधीचे आहे. लेखिका तिथे रडत नाही, रडवीतही नाही. कोण कुठे बसले, कोणते मंत्र म्हटले, शेजाऱ्यांनी काय शिजवले, हे क्रमाने सांगते. दुःखाचे वर्णन करण्यापेक्षा दुःखाच्या घरातली कामे सांगावीत, हे आपल्या बायका ओवीतून शतकानुशतके करीत आल्या. लेखकांना मात्र ते पुन्हा शिकावे लागते.

दोष नाहीत असे नाही. उद्यानाचा इतिहास, तिथली लढाई, पुतळे, देवळे यांविषयीची माहिती मध्येच वाटाड्याच्या तोंडून बोलावी तशी येते आणि काझूचा आवाज तेवढ्यापुरता हरवतो. राजघराण्याशी जुळवलेल्या जन्मतारखाही पहिल्या वाचनात मला फार कुसरीच्या वाटल्या. एक योगायोग गोड, दोन झाले की लेखकाचा हात दिसतो. पण पुढे असे प्रसंग येतात की, राजघराण्यातील कोणी उद्यानातल्या संग्रहालयाला भेट देणार असले म्हणजे झोपडीवाल्यांना आधी नोटीस मिळते. पाऊस असो, थंडी असो, झोपड्या उचलायच्या, दिवसभर दिसेनासे व्हायचे. ही हुसकावणी लेखिकेने कल्पनेतून काढलेली नाही. आणि ते उद्यान तर १९२४ मध्ये राजघराण्यानेच शहराला दिलेली देणगी! तेव्हा कळते की, एकाच तारखेला जन्मलेली ही दोन घराणी एका रस्त्यावर समोरासमोर आणण्यासाठीच तो सारा खटाटोप होता. घाट कृत्रिम असेल. त्यातून निघणारा प्रश्न कृत्रिम नाही.

टोकियोला पुढच्या ऑलिंपिकचा मान मिळाला तो २०१३ मध्ये. कादंबरी निघाली २०१४ मध्ये. देश नव्या उत्सवाच्या तयारीला लागलेला असताना, मागच्या उत्सवाची मैदाने ज्यांनी खणली ते आज कुठे झोपतात, हे लेखिकेने विचारले. २०२० साली इंग्रजी भाषांतराला अमेरिकेतला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला, तेव्हा करोनामुळे ते ऑलिंपिक पुढे ढकललेले होते.

५

या दोन पुस्तकांत डावे-उजवे करायचे तर कसे करावे? रचना पाहिली तर मात्सुमोतो निःसंशय वरचढ. त्यांचे स्टेशन हे घड्याळ आहे, आणि घड्याळातले एकही चाक फुकट फिरत नाही. यू मिरींचे स्टेशन म्हणजे सांडलेल्या आवाजांचा ढीग. तरीही मी दुसरे पुस्तक मोठे मानतो. मात्सुमोतोंच्या फलाटावर चार मिनिटे पडदा वर जातो आणि दिसतो तो देखावा. यू मिरींच्या फलाटावर पडदा कधीच वर जात नाही, आणि तरीही माणूस दिसतो. वेळेवर पोचणाऱ्यांचे शहर मात्सुमोतोंनी दाखवले. त्या शहराचे रस्ते, मैदाने, रूळ कोणाच्या अनुपस्थितीवर बांधले गेले, ते यू मिरींनी दाखवले. कारण काझूचे घरी नसणे हीच त्याची खरी मजुरी आहे.

जपानी समाजाला थांबणाऱ्याचे मोल कळत नाही असे नाही. शिबुया स्टेशनाबाहेरचा हाचिको कुत्रा जगाला ठाऊक आहे. त्याचे धनी प्राध्यापक १९२५ मध्ये वारले; तो १९३५ पर्यंत त्यांची वाट पाहत स्टेशनावर येत राहिला. त्याच्या जिवंतपणीच, १९३४ साली, त्याचा पुतळा झाला. युद्धात धातूसाठी वितळवला, तर १९४८ मध्ये पुन्हा उभारला. धन्याची वाट पाहणाऱ्या मुक्या जिवाला पुतळा, आणि कोणाचीच वाट पाहण्याजोगी उरली नाही म्हणून बसून राहिलेल्या माणसाला नोटीस! काझू वाचताना हे आठवल्यावाचून राहत नाही. ओझू यांच्या १९५३ च्या ‘टोकियो स्टोरी’ या चित्रपटातही मुलांच्या घरी जागा न उरलेले वृद्ध आईबाप उएनोच्या उद्यानापाशीच येऊन बसतात, आणि म्हातारा हसत हसत आता आपण बेघर झालो म्हणतो. त्या हसण्याचे पुढे काय झाले, ते यू मिरींनी साठ वर्षांनी लिहिले.

आता उत्तरेची वेगवान गाडी १९९१ पासून उएनोच्या पोटातून पुढे टोकियोपर्यंत जाते; २०१५ पासून उपनगरी गाड्यांतल्या पुष्कळशाही थेट पुढे जाऊ लागल्या. वाट जिथे संपत असे तिथे आता ती संपत नाही. सोय झाली हे खरेच. पण जिथे माणूस उतरून क्षणभर थांबे, कान टवकारून आपली बोली शोधे, ती जागा आक्रसली.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीला जी गाडी भरून गावाकडे जाते, तिच्यात आपल्यापैकी पुष्कळांचे काझू बसलेले असतात. कोकणात गाडी सबंध धावू लागली ती १९९८ साली. तोवर बोटीने, एसटीने असे वर्षातून एकदोनदा घरी येणारे चाकरमाने आपण पिढ्यान् पिढ्या पाहिले. त्यांच्या पिशवीतला खाऊ सर्वांना आठवतो. ते उरलेले साडेअकरा महिने कुठे, कसे, कोणाच्या शेजारी झोपत होते, हे विचारणारी मुले थोडी. कादंबरीकाराचे काम तिथून सुरू होते. घरी आलेल्या माणसाचे स्वागत सारेच करतात. तो घरी नव्हता तेव्हाही तो होता, एवढे ज्याला लिहिता आले त्याची कादंबरी मला वाचायची आहे.